डोंगराला दिलेलं उपरणं

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. मला कोणाला पटवायचं नाही. ताराचंद अजून जिवंत आहे, माझ्याच गल्लीत राहतो. त्याला विचारून पाहा. तो खाली मान घालेल. मला तेवढा पुरावा पुरतो.

घटना बहात्तर सालची, तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची. असल्या गोष्टी म्हणे अमावस्येच्या रात्री घडतात. इथे अमावस्या आदल्या दिवशीच संपली होती आणि वर लख्ख ऊन होतं. अर्धी घटना जावा बेटावरच्या एका ज्वालामुखीवर घडली. अर्धी नागपुरात, सक्करदऱ्याजवळच्या माझ्या घरात.

एकाच वेळी...

डोंगराचं नाव मी लिहिणार नाही. कृपा करून विचारू नका.

मी शालिकराम. आमचं घर विणकरांचं. मी मात्र मिलमध्ये लागलो, मशीन जुळवणारा मिस्त्री म्हणून. ताराचंदही तिथेच. आम्ही दोघं लहानपणी एका ताटात जेवलेले. त्या वर्षी जावात एक नवी कापडगिरणी उभी राहत होती. यंत्रमाग बसवायला इथून काही माणसं नेली, त्यात आम्ही दोघं होतो. विमान उडालं तेव्हा ताराचंद माझा हात घट्ट धरून बसला होता. इतका भित्रा माणूस! हे लक्षात ठेवा.

निघताना माझ्या बायकोने, प्रेमिलाने, मला एक उपरणं दिलं. घरच्या हातमागावर तिने स्वतः विणलेलं. पांढरं, लाल नागपुरी किनारीचं.

"थंडी वाजली तं कानाले बांधजा," ती म्हणाली. "अन हरवजा नोका. त्याचा ताणा अजून मागावर आहे."

हे जरा समजून घ्या. आमच्यात माग रिकामा ठेवत नाहीत. कापड उतरवलं की ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, थोडी टोकं मागावरच राहू देतात आणि पुढच्या कापडाचे धागे त्यांनाच पिळून जोडतात. म्हणजे मी गेल्यावर प्रेमिला जे लुगडं विणत होती, ते माझ्या उपरण्याच्या धाग्यांनाच जोडलेलं होतं.

सुट्टीत ज्वालामुखी चढायची टूम ताराचंदची. त्याने कुठून तरी नकाशा पैदा केला. खोलीत जमिनीवर पसरून चार कोपऱ्यांवर डबे ठेवले आणि पेन्सिलीने रस्ते आखत बसायचा. आधी एक लहान डोंगर, पाय मोकळे करायला. मग मोठा, ज्याच्या तोंडातून सतत धूर निघतो. पहाटे निघायचं, ढग यायच्या आत उतरायचं. कॅनव्हासचे बूट. धुरासाठी ओला रुमाल. शेंगदाणे आणि गूळ.

"सेमिनरी हिल चढताना धापा टाकतोस," मी चिडवायचो. "अन निघाला ज्वालामुखी पाहाले!"

"तू आहेस ना गा सोबत," तो म्हणायचा.

मग नागपूरहून खबर आली. ताराचंदची मुलगी, जयवंता, आजारी पडली. चार वर्षांची पोर. खोकला जाता जात नव्हता आणि प्रत्येक खोकल्याच्या शेवटी छातीतून एक बारीक शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी हात टेकले होते. गिरणी सुरू झाल्याशिवाय आम्हाला कोणी परत सोडणार नव्हतं. ताराचंद जेवेना. मी म्हटलं, डोंगरबिंगर राहू दे.

एका रविवारी तो एकटाच गेला. 'रस्ता पाहून येतो' म्हणाला.

परत आला तो शांत होता. पोटभर जेवला. नकाशा काढला आणि लहान डोंगर खोडून टाकला. आता फक्त मोठा. दिवसही त्यानेच ठरवला, तान्हा पोळा. "त्या रोजी घरी मारबत निघते. आपण इकडं आवाज देऊ."

आणि निघायच्या आदल्या दिवशी खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शालिक, वर थंडी राहते. वहिनीचं उपरणं घेजो बरं."

मला भरून आलं. स्वतःची पोर मरणाच्या दारात, आणि याला माझ्या कानांची काळजी.

डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारी चहा विकायची. तिने मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत आम्हाला बजावलं. वर जाणाऱ्याने डोंगराला काहीतरी द्यायचं. आपल्या घरचं. फक्त आपल्या घरचं.

"अन दुसऱ्याच्या घरचं दिलं तर?" मी हसत विचारलं.

ती हसली नाही. तिने टेबलाच्या एका टोकाला साखरेची वाटी ठेवली, हा डोंगर. दुसऱ्या टोकाला पेला, ते घर. मग दोन बोटं पायांसारखी टाकत ती वाटीपासून पेल्यापर्यंत घेऊन गेली.

डोंगर चालत त्या घरी जातो...

मी ताराचंदकडे पाहिलं. तो चहा फुंकत होता. त्याला जराही नवल वाटलं नव्हतं. तेव्हाच कळायला हवं होतं, पण मित्रावर संशय घ्यायची सवय नव्हती.

आम्ही चढू लागलो. आधी झाडी होती, पाखरं होती. मग झाडी संपली. मग पाखरं संपली. पुढे तर मुंगीही दिसेना. पायाखाली नुसती राख, आणि नाकात गंधकाचा वास. आमच्या बुटांचा तेवढा आवाज.

कड्याच्या जरा खाली मी थांबलो आणि तेव्हा ऐकू आली...

एक बारीक शिट्टी.

दगडाच्या फटीतून वाफ निघत होती, तिची असेल. थांबायची, पुन्हा वाजायची. कोणी श्वास घ्यावा तशी. आईने दिलेली सुपारी माझ्या चंचीत होती, ती मी त्या फटीत टाकली. आपल्या घरची. चढून घाम आला होता म्हणून उपरणं सोडून पिशवीत ठेवलं.

"तू बस," ताराचंद म्हणाला. "मी पुढं पाहून येतो. तुझी पिशवी दे, पाणी आहे तिच्यात."

तो कड्यावर दिसेनासा झाला. विमानात माझा हात न सोडणारा माणूस, ज्वालामुखीच्या तोंडाशी एकटा.

मग वरून त्याची आरोळी आली.

"ईडा, पीडा, रोगराई... घेऊन जाय गे..."

नागपूरबाहेरच्यांना सांगतो. तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे काळ्या-पिवळ्या मारबतींची मिरवणूक निघते. मोठाले पुतळे. गावातली रोगराई त्यांच्यावर घालायची आणि गावाबाहेर नेऊन जाळायची. एकाने अर्धी आरोळी द्यायची, बाकीच्यांनी पुरी करायची. नागपूरचा माणूस ती अर्धी ऐकून गप्प बसूच शकत नाही. जीभ आपोआप वळते.

ताराचंद अर्ध्यावर थांबला होता. माझी वाट पाहत होता.

मी हसत हसत, पोटातून ओरडलो, "मारबत!"

आणि शिट्टी बंद झाली...

एकदम. वाफ निघत होती, पण आवाज नव्हता. माझा स्वतःचा श्वासही मला ऐकू येईना.

ताराचंद खाली आला आणि माझ्या गळ्यात पडून रडला. पोरीच्या आठवणीने रडतोय असं मला वाटलं. पिशवी हलकी लागली. उघडून पाहिली.

"उपरणं कुठं आहे?"

"वाऱ्यानं उडालं गा. घाम पुसाले काढलं अन उडालं."

मी वर पाहिलं. धूर दोरीसारखा सरळ उभा होता. वारा नव्हताच.

आता घरी काय झालं ते. हे मला माझ्या आईने सांगितलं आणि मरेपर्यंत तिने यातला एक शब्द बदलला नाही.

आई मारबत पाहायला रस्त्यावर गेली होती. प्रेमिला मागावर होती. मिरवणूक पुढे गेल्यावर आई परतली तर बाहेरूनच मागाचा आवाज येत होता. खट... खट...

"अवं प्रेमिला, पाहाले नाही आली काय?" आईने हाक मारली. माग चालूच. खट... खट...

आई आत गेली.

माग बंद होता. प्रेमिला हात मांडीवर ठेवून बसली होती. धोटा जमिनीवर पडलेला. आवाज मात्र अजून येत होता.

"आत्याबाई," प्रेमिला हळूच म्हणाली. "कोणी तरी ओढून राहिलं."

सगळा ताणा ताठ झाला होता. आई म्हणायची, बोट लावलं असतं तर कापलं असतं. आणि तो भिंतीच्या दिशेने ओढला जात होता. भिंतीपलीकडे कोणी नव्हतं, शेजाऱ्यांची मोकळी जागा होती. मग एकेक धागा तुटू लागला. मधून नाही. जिथे उपरण्याच्या टोकांना नवे धागे पिळले होते, बरोबर तिथेच.

शेवटचा धागा तुटला. विणलेल्या लुगड्यावर पांढरी राख पडली होती. चूल तर सकाळपासून थंड होती.

आणि प्रेमिला खोकली...

खोकल्याच्या शेवटी एक बारीक शिट्टी वाजली.

इकडे आम्हाला जावात खबर आली की जयवंता एका दिवसात उठून बसली. ताराचंदने सगळ्या कामगारांना मिठाई वाटली. मीही खाल्ली. दोन तुकडे मागून घेतले.

मला घरचं कोणी काही कळवलं नव्हतं. महिनाभराने परत आलो आणि दारातच ती शिट्टी ऐकली. चप्पल काढायलाही सुचलं नाही. प्रेमिला खाटेवर होती, हाताच्या काड्या झालेल्या. तिने आधी माझ्या खांद्याकडे पाहिलं.

"उपरणं कुठं आहे?"

"हरवलं वं. वाऱ्यानं उडालं."

तिने मान हलवली. "हरवलं नाही. कोणी तरी देल्लं."

दिवाळीच्या आत ती गेली.

तेराव्यानंतर मी ताराचंदच्या अंगणात गेलो. जयवंता लंगडी खेळत होती, गाल लाल झालेले. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "म्हातारीनं मले आधीच सांगतलं होतं. डोंगर दुखणं काढते, पण ज्याच्या घरचं देल्लं त्याच्या घरून जीव नेते."

"मंग आपल्या घरचं काहून नाही देल्लं?"

"आपल्या घरचं देल्लं असतं तं आपल्याच घरून नेलं असतं."

तो नकाशा, ती तारीख, तो खांद्यावरचा हात. सगळं ठरवून. आणि शेवटचा शब्द त्याने माझ्याच तोंडून वदवून घेतला होता. मला त्याचा गळा धरायचा होता. हात उचललाही.

"तुले लेकरू नोहतं गा," तो म्हणाला. "मले एकच होती."

पोर लंगडी घालत आली आणि माझ्या पायांना बिलगली. "काका!" माझा हात तसाच खाली आला.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. पण पोरीशी बोललो. तिचा काय दोष? ती माझ्या डोळ्यांदेखत वाढली, नवरात्रात माझ्याकडे जेवायला यायची, गेल्या वर्षी लग्न होऊन कळमेश्वरला गेली. आता दिवस भरत आलेत म्हणून बाळंतपणाला माहेरी आली आहे.

परवा माझ्याकडे आली. कष्टाने ओट्यावर बसली.

"काका, बाळाच्या पहिल्या दुपट्याले जुनं, वापरलेलं कापड लागते. काकूच्या हातचं काही असंन तं द्या ना. तिच्यासारखं मऊ कोणीच नाही विणे, म्हणते आई."

मी हो म्हणालो. ती गेल्यावर प्रेमिलाची ट्रंक उघडली. आईच्या मागे ती उघडलीच नव्हती.

वरतीच होतं...

पांढरं. लाल किनारीचं. प्रेमिला घालायची तशीच घडी घातलेलं.

उपरणं.

मी ते उचललं. गंधकाचा वास आला. एका टोकाला धागे तुटलेले होते.

मी ते ट्रंकेच्या तळाशी दडपलं. प्रेमिलाचं एक जुनं लुगडं काढलं आणि जयवंतासाठी ओट्यावरच्या खुर्चीत ठेवलं. काल सकाळी उठून पाहतो तर खुर्चीत उपरणं होतं. लुगडं ट्रंकेत, तळाशी. मी पुन्हा बदललं, ट्रंकेला कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली.

आज सकाळी खुर्चीत पुन्हा उपरणं होतं. ट्रंकेला कुलूप तसंच आहे. किल्लीही माझ्याच कमरेला आहे.

प्रेमिला करते आहे म्हणावं, तर ती अशी नव्हती. ती या पोरीला मांडीवर घेऊन भरवायची.

आणि माझ्या हातांना गंधकाचा वास येतोय...

दोनदा साबणाने धुतले. जात नाही.

हे सगळं भर सकाळी लिहितो आहे. उपरणं समोर आहे. ते जाळावं म्हणून काडी ओढली होती, पण माझा हात पुढे जाईना. का जाईना ते मला सांगता येत नाही. सतरा वर्षं मनात काय साठवलं आहे ते माझं मला माहीत आहे.

गल्लीत चपला वाजतायत. सावकाश, जड पावलं. दारात आली.

"काका, काढून ठेवलं ना?"