दाराजवळची खोली

किल्ली मेडिकलवर ठेवली होती. सुरुवात इथूनच करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल काका तोंड उघडलं की भूतच काढतात. आदिनाथ, मघाशी जेवताना तू आणि वर्षाराणी फ्लॅट घ्यायचा की प्लॉट यावरून जे भांडलात, त्यावरून मला हे आठवलं. गच्चीचं दार लोटून घे आणि तो मोबाईल पालथा ठेव.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो राघवेंद्र लातूरला माझ्याच कॉलेजात आहे. मी ऑफिसात, तो प्रयोगशाळेत. सरळ माणूस. आयुष्यात एकदाच मोठं खोटं बोलला, आणि ते या गोष्टीत आहे.

दोन वर्षं तो घर शोधत होता. रविवार आला की त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या, कारण रविवारी घरं बघायला जायचं असायचं. फ्लॅट बघितला की त्याची माय, सिंधुबाई, लिफ्टच्या दारातूनच माघारी फिरायची. निलंग्याकडची बाई. भूकंपाच्या साली तिनं घराचं मातीचं माळवद खाली येताना बघितलेलं. "खाली माती न्हाई, वर लोकाचं बिऱ्हाड. असं अधांतरी मी निजणार न्हाई," ती म्हणायची. "तुम्ही ऱ्हावा सुखानं. मी गावाकडं जाते." गावाकडं म्हणजे कुठं, तर भावकीच्या ओसरीवर. तिथं तिला घोटभर पाणी द्यायला कुणी नव्हतं. पण बाई हट्टी, बोलली म्हणजे गेलीच असती, आणि राघवेंद्रला तेच नको होतं. बाप गेल्यावर त्यानं एकच ठरवलेलं, माय आपल्याजवळ राहिली पाहिजे.

प्लॉट म्हणलं की बायको विनीता हात जोडायची. ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या साली तिनं टँकरमागं पळून पळून पायाची सालटी काढलेली. "बोअरला पाणी लागंल कशावरून? आन् बांधकाम कोण बघणार? तुम्ही?" ती विचारायची. त्याला तर साधा खिळा नीट ठोकता येत नाही. जुनं घर बघावं तर भिंत दोन भावांत सामाईक आणि दोघं भाऊ कोर्टात. सिद्धेश्वर नावाचा एक एजंट होता, तो दाखवील ती जागा बसस्टँडपासून दहा मिनिटांवर असायची. राघवेंद्रनं एकदा चिडून त्याला चालायलाच लावलं. अर्ध्या वाटेत सिद्धेश्वर रिक्षाला हात करून बसला आणि याला म्हणाला, "सर, तुम्ही या मागून."

त्यात घरमालकानं पोराचं लग्न काढलं आणि घर मोकळं करा म्हणून रोज दारात उभा राहायला लागला. घरी आलं की माय ओसरीत, बायको आत. मधे हा. मला म्हणायचा, "हणमंतराव, मला आता घरच नको वाटून राहिलंय. तंबू द्या एक." मी हसायचो. तो हसत नव्हता.

शेवटी औसा रोडच्या बाजूला, ज्वारीचं शेत मोडून पाडलेल्या एका लेआऊटमध्ये रो-हाउस निघालं. बोअरला पाणी होतं, म्हणून विनीता खूश. दाराजवळ एक खोली होती, पाऊल बाहेर टाकलं की जमीन, म्हणून माय तयार. तयार म्हणजे एका अटीवर. त्यांच्याकडं एक जुनी रीत. घर घ्यायच्या आधी घरातल्या कुणीतरी त्या रिकाम्या घरात एक रात्र निजायचं. झोप लागली तर घर आपलं. नाही लागली तर ते दुसऱ्याचं, सोडून द्यायचं.

राघवेंद्रनं कपाळावर हात मारून घेतला. कारण उदगीरचं एक गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी बयाणा द्यायला येणार होतं. म्हणजे निजायचं तर त्याच रात्री. आणि ती रात्र होती येळवसची, वेळा अमावस्येची. दोन हजार चोवीसची, सोमवारी आली होती ती.

नांदेडात तुम्हाला त्याचं एवढं नाही. लातूरला त्या दिवशी गाव मोकळं पडतं. दुकानं बंद, कॉलन्या बंद, जो तो शेतात. भज्जी, आंबील, उंडे, सगळं डोक्यावर घेऊन जायचं, उभ्या हिरव्या ज्वारीत पूजा करायची आणि बांधावर बसून जेवायचं. आणि रस्त्यानं जो कुणी जाईल त्याला हाक मारायची, या जेवायला. ओळखीचा असो नसो. त्या दिवशी कुणाला न बोलावता जेवणं बरं नाही समजत.

राघवेंद्र दिवसभर मामाच्या शेतात तेच करत होता. माय आणि विनीता तिथंच मुक्कामी राहिल्या. हा अंधार पडता पडता डबा आणि सतरंजी घेऊन मोटारसायकलवर निघाला. सिद्धेश्वरला फोन लावला, तर तो म्हणाला, "सर, मी तर शेतात हाव. किल्ली मेडिकलवर ठेवलोय. तेवढंच उघडं हाय." किल्ली घेतली, घराशी आला.

सगळी कॉलनी अंधारात. राहायला आलेली चार बिऱ्हाडं होती, तीही शेताला गेलेली. वीज अजून जोडलेली नव्हती. थंडी कडक. राघवेंद्रनं दार उघडं टाकलं, उंबऱ्यावर बसला आणि मोबाईलच्या उजेडात डबा सोडला. भूक नव्हती. चीड होती. मायच्या रितीची, विनीताच्या बोअरची, सिद्धेश्वरची, सगळ्यांची. पहिला घास तोंडात घातला आणि रस्त्याच्या मुरमावर पाय वाजले.

कुणीतरी चाललं होतं. सावकाश.

दिवसभराची सवय. त्यानं मान वर न करता हाक मारली.

"या हो, जेवायला या."

पाय थांबले.

आता बघा. आपल्या शेतात हाक मारणं वेगळं. हा बसला होता ज्या घरात, ते अजून त्याचं नव्हतं. कुणाच्या उंबऱ्यावरून आपण कुणाला बोलावतोय, याचा त्यानं विचारच केला नाही.

"आले," बाईचा आवाज आला.

फाटकातून एक म्हातारी आत आली. पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढलेला. पलीकडं एका इमारतीचं काम चालू होतं, तिथल्या वॉचमनच्या घरातली असेल असं त्याला वाटलं. ती खाली भुईवर उकिडवी बसली. त्यानं डब्याच्या झाकणात भज्जी आणि उंडा दिला, पेल्यात आंबील दिली. ती खाली मान घालून जेवली.

"आंबील लई दिसानं प्याले," म्हणाली.

"घ्या की अजून."

"घर कुणाचं हे?"

"कुणाचंच न्हाई अजून," राघवेंद्र म्हणाला, आणि मग त्याचा बांधच फुटला. दोन वर्षांत त्याचं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. फ्लॅट, प्लॉट, लिफ्ट, टँकर, माळवद, घरमालक, सगळं त्यानं त्या परक्या बाईपुढं ओतलं. मायला गावाकडं एकटी सोडायची भीती वाटते, हेही बोलून गेला. बायकोजवळ बोलला नव्हता तो हे कधी. म्हातारी ऐकत होती.

त्याचं संपल्यावर तिनं विचारलं, "मायला कंची खोली?"

"ही. दाराजवळची."

ती उठली. त्याच्या अंगावरून आत गेली. त्याला वाटलं, बघती असेल.

"जराशी पडते," आतून आवाज आला.



राघवेंद्र वाट बघत बसला. पहिल्यांदा त्याला चीडच आली. आधीच आपली अडचण, त्यात ही पाहुणी. डबा आवरला. खाकरला. हाक मारली.

"आजी..."

त्यानं आत मान वळवली.

"आजी, मला दार लावायचंय."

...

तो मोबाईल घेऊन खोलीच्या दारात गेला. उजेड टाकला.

खोली रिकामी.

एकच खिडकी, तिला गज. बाहेर यायला वाट एकच, ती त्याच्याच अंगावरून. फरशीवर सिमेंटची धूळ. कोपऱ्यात रंगाचा डबा. बाकी काही नाही. त्यानं उजेड छताला लावला, पुन्हा खाली आणला. काही नाही.

आणि मग त्याला ऐकू आलं.

श्वास.

गाढ झोपलेल्या माणसाचा. आत... बाहेर. आत... बाहेर. अगदी पायाशी, फरशीवरून.

तो हलला नाही. श्वास चालू होता. मधे एकदा कूस बदलल्यासारखा थांबला... आणि पुन्हा सुरू झाला. सुखाचा. कित्येक दिवसांनी पाठ टेकलेल्या माणसाचा.

झोप लागली तर घर आपलं. मायचे शब्द त्याच्या डोक्यात आले आणि हातातला मोबाईल गळून पडला. तो उचलायलाही वाकला नाही. मागं मागं सरकत बाहेर आला. फाटकाबाहेर मोटारसायकलला टेकून उभा राहिला. रात्रभर. थंडीनं बोटं वाकेनात तरी आत सतरंजी आणायला गेला नाही. रस्त्यावरूनसुद्धा त्याला ते ऐकू येत होतं... आत... बाहेर.

फटफटलं तेव्हा थांबलं.

वर्षाराणी, अंगावर शाल घे. भीती वाटत असेल तर खाली जा. नाही? मग ऐक. खरी गोष्ट तर पुढंच आहे.

उजाडल्यावर तो आत गेला, मोबाईल उचलला. तेवढ्यात तो वाजला. माय होती.

"लागली का रं झोप?"

राघवेंद्र त्या खोलीत उभा. धूळ होती तशी. उन्हाची एक तिरीप फरशीवर आलेली. मला नंतर सांगताना त्याला रडू आलं, म्हणाला, हणमंतराव, त्या घडीला मला भूत दिसत नव्हतं, मला पुढचा रविवार दिसत होता. पुन्हा सिद्धेश्वर, पुन्हा लिफ्ट, पुन्हा सामाईक भिंती. आणि गावच्या ओसरीवर एकटी बसलेली माय. वैतागलेला माणूस काय करील याचा नेम नसतो.

"लागली की माय," तो म्हणाला. "गाढ लागली."

कुणाला लागली ते मायनं विचारलं नाही.

पाडव्याला ते राहायला गेले. दूध उतू घातलं, पुरण झालं, मीही जेवायला होतो. घर खरंच छान आहे, हवेशीर आहे. फक्त राघवेंद्र जेवला नाही. मायला वरच्या खोलीत झोपव म्हणून त्यानं जंग जंग पछाडलं. माय ऐकेना. मग म्हणाला, खालच्या खोलीत मी झोपतो. "तूच म्हणलास ना गाढ झोप लागली? मग मला का नको?" मायनं विचारलं. आपल्याच खोट्यात अडकला. रोज रात्री तो जिन्यात बसून राहायचा, कान खोलीकडं. मायचा श्वास तेवढा ऐकू यायचा. एकीचाच. हळूहळू त्याला वाटायला लागलं, संपलं असेल ते.

वैशाखात मायचा पाय मोरीत घसरला. हाड मोडलं नाही, पण उजवा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना. घास डाव्या हातानं. पुढं आठवडाभरानं विनीता त्याला हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही मायचा बुचडा लई चापूनचोपून घालून राहिलात. कुठं शिकलात?"

"मी?" तो म्हणाला. "मला वाटलं तू घालतीस."

"सकाळी मला डब्यातनं मान वर करायला सवड असती का?"

दोघंही मायच्या खोलीत गेले. माय कॉटवर बसलेली. आंघोळ व्हायची होती, तरी डोकं तेल लावून, भांग पाडून, घट्ट बुचडा बांधलेला.

"माय, तुझं डोकं कोण विंचरतंय?"

"असं काय इचारतोस? विनीताच की. पहाटं येती, मी डोळं मिटूनच असते." माय हसली. "लई हलका हात हाय पोरीचा. बोलत न्हाई काही, गप बसून विंचरती."

विनीतानं तोंड उघडलं. राघवेंद्रनं तिचं मनगट धरलं.

"आता गावाकडं जायचं नाव मी काढायची न्हाई बघ," माय म्हणाली. "मी इथून हलत न्हाई."

हे ऐकण्यासाठी तो दोन वर्षं वणवण फिरला होता. ऐकलं, आणि त्यानं विनीताचं मनगट सोडलं. तो मायच्या मागं जाऊन बसला. बुचड्याला आकडा नव्हता, रिबीन नव्हती. हिरवं काहीतरी गुंडाळून गाठ मारलेली. त्यानं हळूच सोडवलं.

ज्वारीची पात होती. ओली, हिरवीगार. वैशाखात.

शेतं नांगरून काळी पडलेली. त्या कॉलनीच्या आसपास कोसभर ज्वारीचं ताट उभं नव्हतं.

ती पात त्यानं कोरड्या रुमालात गुंडाळून मला दाखवायला कॉलेजात आणली. बाहेर ऊन रणरणत होतं. मी ती हातात घेतली, आदिनाथ.

दवानं गार होती.