खुंटीच्या डोक्यावरची रेघ

"चौकट बंद नाही. कोपरा सुटलाय," बगळ्या तिसऱ्यांदा म्हणाला आणि मैदानात ढिम्म उभा राहिला.

बगळ्या म्हणजे मैदान आखणारा यंत्रमानव. रेघा आखायच्या चुनाफक्कीनं पांढराफटक झालेला, म्हणून पोरींनी हे नाव ठेवलेलं.

वैजूनं हातातली संगणकाची पाटी त्याच्यासमोर नाचवली. पाटीवर संगणकीय आराखडा (संगणकावर मापानं काढलेलं चित्र) होता. खो-खोच्या मैदानाचे चारही कोपरे त्यात गच्च मिळालेले दिसत होते. "आंधळा आहेस का? मिळालाय की कोपरा!"

"मिळालेला नाही. जिथून निघालो तिथं परत पोचता येत नसेल, तर मी निघत नाही."

चार वाजता सामना, आणि आत्ता दोन वाजलेले. पंच यंदापासून यंत्रानं आखलेलंच मैदान मानत होते. वेळेत आखून झालं नाही, तर सामना नदीपलीकडच्या शाळेत. त्यात वैजू पहिल्यांदाच कप्तान झालेली.

त्या पलीकडच्या शाळेचे गुरुजी सावलीत बसून पाय हलवत होते. "आमचं मैदान कालपासून तयार आहे हो, सगुणाताई!"

"मग त्यात मेथी लावा," सगुणाआत्या म्हणाली.

ही वैजूची आत्या. शाळा दुसरीतच सुटली, पण चाळीस वर्षं गावातलं प्रत्येक मैदान तिनंच दोरीनं मापलं. आजही खुंट्या तिनंच ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. मग ड्रोननं उडत उडत त्या दोऱ्यांची आणि मैदानातल्या दोन खांबांची मापं घेतली आणि आराखडा तयार केला.

"पाटीत काय डोकं घालून बसलीस?" आत्या वैजूवर डाफरली. "वरून बघायला तू काय घार आहेस? खाली आडवी हो."

वैजूनं मातीला गाल टेकला. आत्या दोरी अशीच तपासायची. बघते तर काय, कोपऱ्यातल्या खुंटीच्या डोक्याला एक दोरी आणि पायाशी दुसरी!

"आत्या, एक वर, एक खाली का गं?"

"एका जागी दोन गाठी बसतात होय? माझ्या आईपासूनची रीत आहे ती. दोरी कितीही वर असू दे, फक्की सरळ खाली मातीवरच पडते ना?"

वैजू ताडकन उठली. तिनं पाटीवरचं चित्र बोटानं फिरवून बाजूनं पाहिलं. वरून चिकटलेल्या दिसणाऱ्या रेघा बाजूनं एकमेकींपासून वीतभर लांब होत्या!

"बगळ्या, प्रत्येक टोकाचे आकडे किती?"

"तीन. पूर्वेला किती, उत्तरेला किती आणि जमिनीपासून वर किती. इथं पहिले दोन सारखे आहेत. तिसरा एका दोरीचा शून्य, दुसरीचा वीस सेंटिमीटर."

"म्हणजे टोकं एकावर एक आहेत, पण शिवत नाहीत!"

"हेच मी सांगतोय."

"नीट सांगायला तोंड दिलं नाही का रे तुला?" आत्या म्हणाली.

"तिसरा आकडा पुसून टाक," वैजू म्हणाली.

"पुसला तर जागा रिकामी राहील. रिकाम्या जागेवर मी कसा जाऊ?"

वैजूनं ओठ चावला. फक्की जिथं पडते, तिथली उंची किती? "शून्य! सगळ्या टोकांना शून्य घाल. पण आधी मूळ आराखडा वेगळा जपून ठेव. खांबांची उंची त्यातच आहे, ती गेली तर खांब तपासताना काय अंदाज बांधायचा?"

यालाच सपाटीकरण (सगळ्या बिंदूंची उंची एकसारखी करणं) म्हणतात. वरची टोकं सरळ खाली उतरली. एक दोरी तिरकी होती, म्हणून तिची रेघ केसभर जास्त भरत होती. तीही मापात आली.

"चौकट बंद!" बगळ्या ओरडला आणि सुटला. पांढरी रेघ धावत गेली, चार वळणं घेतली आणि आपल्याच सुरुवातीला येऊन भिडली. पोरींनी मैदान डोक्यावर घेतलं. पंचांनी मापाची फीत लावली, मान डोलावली. चारच्या ठोक्याला शिट्टी वाजली, आणि वैजूच्या संघानं सामना सहा गुणांनी मारला.

खेळ संपला तसा बगळ्या जवळ आला. "माझे नऊ भाऊ नऊ गावांत असेच अडून उभे आहेत. त्यांच्याशी बोलशील?"

"जोड की!"

पाटीतून डोंगरावरच्या शाळेतल्या एका मुलीचा बारीक आवाज आला, "ताई, आमचं यंत्र बिघडलंय."

वैजूनं हात झटकले, मांडी घातली आणि म्हणाली, "बिघडलेलं नाही गं ते. चित्र बाजूनं बघ, आणि काय दिसतं ते मला सांग."