एका जागेची भरती

सुखदेव तायडेंना या सहलीत फायदाच फायदा दिसत होता. जयपूरच्याच विद्याधर नगरातल्या मित्रानं नवी मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, घेतली होती, आणि लांबच्या रस्त्यावर ती कशी चालते हे आधी दुसऱ्या कुणीतरी पाहावं अशी त्याची इच्छा होती. म्हणजे गाडी फुकट. निवृत्तीला वर्ष उरलेलं, रेल्वेतली रजा वाया जाणारी. ती सत्कारणी लागणार. बायको विमल अकोल्यात जन्मली, जयपुरात म्हातारी झाली. तिला समुद्र दिसणार. आणि नोकरभरतीच्या परीक्षा देऊन देऊन वैशाली नगरच्या घरातल्या सोफ्याचाच भाग झालेला पोरगा, संकल्प, निदान उठून उभा राहणार.

कोकणातल्या त्या गावी सुरूच्या झाडांखाली गाडी लागली. विमलनं गाडीतल्या शेगडीवर पिठलं टाकलं. किनाऱ्यावर राजन नावाचा माणूस कयाक चालवायला देत असे. त्यानं संकल्पला एकीत बसवून हातात वल्हं दिलं. संकल्पनं वल्हं मांडीवर ठेवलं आणि मोबाइल काढला. कयाक तरीही सरळ आत गेली, वळली, आणि कुणी आणून सोडल्यासारखी काठाला लागली.

राजननं आधी पाण्याकडे पाहिलं, मग संकल्पकडे. "पोरगा काय करतो?"

"नोकरी शोधून राहिला," सुखदेव म्हणाले.

"उद्या सकाळी मोठी भरती आहे."

सुखदेवांनी चहा खाली ठेवला. रेल्वेच्या आस्थापना शाखेत जन्म काढलेल्या वऱ्हाडी माणसाला भरती एकच माहीत. "किती जागा?"

"जागा?" राजन हसला नाही. "यंदा एकच."

"परीक्षा?"

"नाय. बघून घेतात."

"वशिला?"

"त्यांच्याकडं चालत नाय."

इतकं प्रामाणिक खातं सुखदेवांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

सकाळी संकल्प इस्त्रीच्या शर्टात, गुणपत्रिकांची प्लास्टिकची फाइल घेऊन उभा होता. "पप्पा, मतलब, ऑफिस आहे कुठं?"

"ते राजनभाऊले ठाऊक. तू जा ना बाप्पा!"

फाइल मांडीवर घेऊन तो कयाकमध्ये बसला आणि चकाकत्या पाण्यात दिसेनासा झाला.

परतला तो मागच्या बाजूनं, सुरूच्या झाडांमधून, चालत. शर्टाची इस्त्री मोडली नव्हती. कयाक कुठे गेली, हे राजननं विचारलंच नाही.

"झालं पप्पा. सिलेक्शन."

"अन् पोस्टिंग?"

"जयपूर."

विमलनं डोळे पुसले. सुखदेवांनी परतीच्या वाटेवर धाब्या-धाब्यावर पेढे वाटले.

जयपुरात ड्यूटी सुरू झाली. दिवसातून दोनदा, आणि वेळ रोज थोडी पुढे सरकणारी. घरच्या टाकीचं पाणी खारट झालं. विमलनं वरणात मीठ घालणं सोडलं, आणि तेवढीच बचत म्हणून खूशही झाली.

शेजारच्या डॉक्टर शालिनीताई रत्नागिरीच्या. पेढा खाताना त्यांनी सगळी हकीगत ऐकली आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. "अहो तायडेकाका, भरती म्हणजे समुद्राचं पाणी चढतं ती! नोकरीची नव्हे!"

सुखदेवही हसले. मग दोघांनी एकदमच जिन्याकडे पाहिलं.

संकल्प कामावरून येत होता. बाहेर मे महिन्याची लू अंग भाजत होती. त्याच्या बुटांतून पायरीपायरीवर पाणी सांडत होतं.

शालिनीताईंनी उरलेला पेढा ताटलीत ठेवला आणि निघून गेल्या.

सुखदेवांनी पोराला समोर बसवलं. "खरं सांग. हे कोणतं खातं आहे?"

"परमनंट आहे, पप्पा. मतलब, एकदम परमनंट."

"अन् परीक्षेबिगर कशी भेटली? कोणत्या कोट्यातून?"

संकल्प जरा ओशाळला.

"अनुकंपा."

बाप नोकरीत असताना गेला तर पोराला मिळते ती नोकरी. सुखदेवांनी स्वतः अशी कितीतरी रडवेली पोरं रुजू करून घेतली होती.

"अबे, मी जिवंत आहो ना!"

संकल्प खाली वाकून बुटाची ओली नाडी सोडत राहिला.

हिशेब सरळ होता. मित्राची गाडी पारखून झाली. विमलला समुद्र मिळाला. पोराला नोकरी. भरायचं कुणी, एवढंच राहिलं होतं.

स्वयंपाकघरातून विमलचा आवाज आला, "संकल्प, चहा ठेवते रे. आपल्या दोघांचाच ना?"