एकट्याने पाहिलेला राघू

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गोझो बेटावरच्या पोलीस ठाण्यातला फोन वाजला. पलीकडे शेळ्या राखणारा लिप्पू धापा टाकत होता.

"दक्षिणेच्या कड्याखाली माणूस पडलाय. विस्तिन सलीबा. तो पाखरंवाला."

"जिवंत आहे?"

"सार्जंटबाई, त्या कड्यावरून बकरी पडली तरी आम्ही खाली बघायला जात नाही."

सार्जंट चेत्ता रेफालो कड्यावर पोचली तेव्हा वारा अजून आफ्रिकेकडूनच येत होता. अशा वाऱ्यावर रात्रभर उडून दमलेले पक्षी पहाटे बेटावर उतरतात. त्यांच्यामागे दोन प्रकारची माणसं घराबाहेर पडतात, दुर्बीणवाले आणि बंदूकवाले. विस्तिन पहिल्यांपैकी. बेटावर दिसलेल्या प्रत्येक दुर्मिळ पक्ष्याची नोंद खरी की खोटी, हे गेली वीस वर्षं तोच ठरवत आला होता.

त्याची दुर्बीण गवतात पडली होती. नोंदवही मात्र कुठेच नव्हती. दोनशे पावलांवर शिकाऱ्यांचा दगडी आडोसा होता आणि त्यात एक रिकामं काडतूस. नाकाजवळ नेलं तर दारूचा वास अजून ताजा होता.

डॉक्टरांनी प्रेत पाहून सांगितलं, "डोक्यामागची जखम पडण्याआधीची आहे. सरळ, लांबट. लोखंडी दांडा असावा."

"बंदुकीची नळी?"

"असू शकेल. वेळ म्हणाल तर सहा ते आठच्या मधली."

हवालदार साल्वू हळूच म्हणाला, "बाई, परवा बारमध्ये तो शिकारी नेनू काय बोलला ते अख्ख्या गावाने ऐकलंय. विस्तिनला म्हणाला, पुन्हा माझी तक्रार केलीस तर तुला कड्यावरून उडायला शिकवीन."

नेनूचं नाव ऐकलं की चेत्ताच्या तोंडाला कडू चव यायची. एकवीस वर्षांपूर्वी कुंपणाच्या भिंतीवरून गेलेल्या पारव्यावर कुणीतरी छर्रे झाडले होते. भिंतीपलीकडे तिचा बाप, इंद्री, कांदे खणत होता. त्याचा डावा डोळा गेला, पुढे उजवाही अधू झाला. तो नेनूच होता हे गावाला ठाऊक होतं, पण कोर्टात साक्ष द्यायला कुणी उभं राहिलं नाही. चेत्ता पोलिसात भरती झाली ती त्याच वर्षी.

दहा वाजता तिने नेनूला बारमधून उचललं. समोर कॉफीचे तीन रिकामे पेले होते.

"इथे कधीपासून बसलायस?" तिने विचारलं.

उत्तर बारवाल्याने दिलं. "साडेसातला आला. त्यानंतर जागचा हलला नाही. पत्त्यांचे तीन डाव हरलाय, कसा हलेल?"

"आणि साडेसातच्या आधी?"

"घरी होतो," नेनू म्हणाला. "झोपलो होतो."

"कड्यावर तुझ्या बंदुकीचं काडतूस सापडलंय."

"मी तिथे नव्हतोच."

एकवीस वर्षांपूर्वी कोर्टात त्याने हेच तीन शब्द उच्चारले होते. तिने त्याच्या हातात बेड्या घातल्या, गरजेपेक्षा जरा घट्ट. मोठ्या बेटावरच्या तुरुंगात न्यायची बोट चारला सुटणार होती. एकदा खुनाचा आरोप लागला की सत्तरीचा नेनू तिथून परत येणार नव्हता. चारपर्यंत तिला फक्त कागद पुरे करायचे होते.

विस्तिनचे शत्रू आणखी कोण, हे विचारायला ती उत्तरेच्या मिठागरांवर गेली. तिथे मास्तर रोक्कू मीझी तिपाईवर दुर्बीण लावून बसले होते. त्यांनी तिला शाळेत भूगोल शिकवला होता.

"ये, चेत्ता. बिस्किट घे, चीज घे. विस्तिनचं कळलं. वाईट झालं."

"सर, तुम्ही सकाळी कुठे होतात?"

"इथेच. सहापासून. हे बघ ना."

त्यांनी नोंदवही पुढे केली. अक्षर फळ्यावरच्यासारखं सुबक. एका ओळीखाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या होत्या. 'निळ्या गालाचा वेडा राघू. एक. मिठागरे, ८.३५. उजव्या पायात धातूची कडी. शेपटीच्या दोन लांब पिसांपैकी डावे तुटलेले.'

"हा दुर्मिळ आहे?"

"पोरी, गोझोवर याची एकही मान्य नोंद नाही. एकोणीस वर्षांपूर्वी मी पाहिला होता, एकट्याने. विस्तिनने नोंद फेटाळली. वर सभेत म्हणाला, मास्तरांना चष्मा बदलायची गरज आहे." ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "अजूनही लोक मला बघून चष्मा पुसतात."

"आज कुणी सोबत होतं?"

"नाही. पण आता फेटाळणारा कोण उरलाय?"

"वेळेची खात्री आहे? आठ पस्तीस?"

"मी वेळ चुकत नाही, ते तुला ठाऊक आहे. तासाला उशीर केलास म्हणून कितीदा बाहेर उभं केलंय तुला."

दुपारी एकला ती नेनूच्या घरी गेली. गावच्या रीतीप्रमाणे किल्ली दाराला बाहेरूनच लावलेली होती. तिने ती फिरवली. नेनूची बायको स्तेल्ला ओट्याशी बसून रडत होती.

"बंदूक कुठे आहे?"

"कपाटात. घेऊन जा. हवं ते ने."

बंदूक मिळाली. नळीवर रक्त नव्हतं, ओरखडाही नव्हता. मग चेत्ता मागच्या खोलीतल्या फ्रीझरकडे वळली, तशी स्तेल्ला ताडकन उठून आडवी आली.

"तिथे फक्त ससे आहेत."

"बाजूला हो."

सशांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने कागद उलगडला. आत हिरवागार पक्षी होता. डोळ्याखाली निळा पट्टा. उजव्या पायात धातूची कडी. शेपटीत एकच लांब पीस, उजवं. डावं अर्ध्यावर तुटलेलं.

"हा कधी आणला त्याने?"

"सातला. पेंढा भरून काचेच्या कपाटात ठेवणार होता." स्तेल्लाने तिचं मनगट धरलं. "अगं, तुझ्या पाया पडते. या पाखराचं कळलं तर त्याचा परवाना जन्माचा जाईल, वर कैद. खुनाचं तो बघून घेईल, खून त्याने केलेला नाही. पण हे त्याने केलंय. झाकण लाव. तू काही पाहिलं नाहीस."

चेत्ता थंड वाफेत तशीच उभी राहिली.

झाकण लावायचं, एवढंच. नेनूची बायकोच ते मागत होती. हा पक्षी त्या सशांखाली राहिला तर नेनू चारच्या बोटीत बसणार होता. न केलेल्या गुन्ह्यासाठी, त्याच तीन शब्दांसह. आपल्या हाताने काही करायचं नव्हतं. बाप रोज सकाळी भिंत चाचपत चुलीकडे जातो, तो तिला दिसला. तिने झाकणावर हात ठेवला. तो किती वेळ तिथे राहिला, ते स्तेल्लालाही पुढे सांगता आलं नाही.

मग तिने पक्षी कागदासकट उचलला.

"नको गं," स्तेल्ला ओरडली. "सूड घेतेयस तू."

"घेता आला असता," चेत्ता म्हणाली.

सव्वातीनला ठाण्यात तीन माणसं बसली होती. नेनू, रोक्कू मास्तर आणि दाराशी साल्वू. टेबलावर पक्षी होता. शेजारी मास्तरांची नोंदवही, आणि रुमालाखाली आणखी काहीतरी.

पक्षी पाहताच मास्तरांचा चेहरा उजळला. नेनूचा पडला.

"सर, हाच का तो?"

"हाच. कडी बघ, पीस बघ. आता कोण नाही म्हणेल?" मग त्यांचा आवाज एकदम बसला. "हा कुणी मारला?"

"नेनू, सांग."

नेनूने मान खाली घातली. "मी. कड्यावरच्या आडोशातून. पावणेसातला. म्हणून म्हटलं की मी तिथे नव्हतो."

"विस्तिन दिसला?"

"मधे भिंत आहे. मी फक्त आभाळ बघत होतो."

चेत्ता मास्तरांकडे वळली. "साडेसातपासून नेनू बारमध्ये होता, दहा माणसांदेखत. म्हणजे हा राघू साडेसातच्या आधीच फ्रीझरमध्ये होता. सर, मेलेला पक्षी आठ पस्तीसला मिठागरावर कसा आला?"

मास्तरांची नजर नोंदवहीतल्या लाल रेघांवर गेली.

"तुम्ही वेळ चुकत नाही. म्हणजे ती मुद्दाम बदललीत. जागाही. तुटलेलं पीस आणि कडी तुम्ही पाहिलीत, पण जिवंत पक्षी पाहायचा तर पावणेसातच्या आधी कड्यावर असायला हवं. मीठ गोळा करणाऱ्या झेपीला मी विचारलं. ती म्हणते, तुमची गाडी आली तेव्हा चर्चचा आठचा घंटानाद होऊन गेला होता. बंदुकीच्या नळीवर काही नाही. तुमच्या तिपाईचा एक पाय मात्र धुतलेला आहे, बाकीच्या दोहोंवर मिठागराचा चिखल आहे. दुसरा कुणी असता तर या पक्ष्याबद्दल चकार शब्द काढला नसता. पण तुम्हाला तो लिहिल्यावाचून राहवलं नाही."

"तो माझा होता," मास्तर म्हणाले.

तिने रुमाल बाजूला केला. खाली विस्तिनची नोंदवही होती. "ही तुमच्या कपाटात मिळाली. समुद्रात का नाही टाकलीत?"

"वीस वर्षांच्या नोंदी आहेत त्यात. त्या कशा टाकणार?"

"शेवटची ओळ वाचते. 'निळ्या गालाचा वेडा राघू, ६.२०. शोधला: वि. सलीबा.' पुढे कुणाचंच नाव नाही."

"मी बोट करून दाखवला त्याला," मास्तर म्हणाले. "मीच. म्हटलं, विस्तिन, बघ, तो तिथे तारेवर. त्याने पाहिला, लिहिला, वही मिटली. मी म्हटलं, माझं नाव? तर म्हणाला, तुमचं नाव घातलं तर नोंद संशयास्पद होईल, सर. सर म्हणाला. एकोणीस वर्षं मी त्या माणसाला गुड मॉर्निंग म्हणत आलो. मग तो माझ्याकडे पाठ करून कड्यावर उभा राहिला, समुद्र बघत." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बंदुकीचा आवाज नंतर आला. वाटलं, राघू उडून गेला असेल. आणि काडतूस मिळालं की तुम्ही बंदूकवाल्यालाच धराल, असंही वाटलं."

साल्वूने त्यांना आत नेलं. जाताना ते दाराशी थांबले आणि टेबलावरच्या पक्ष्याकडे वळून बघत राहिले.

चेत्ताने नेनूच्या बेड्या काढल्या. मनगटावर लाल वळ उठले होते. मग तिने कोरा कागद ओढला आणि लिहायला घेतलं.

"हे काय?" नेनूने विचारलं.

"संरक्षित पक्षी मारल्याचा गुन्हा. कोर्टात उभं राहून हेच सांगायचं, मास्तरांच्या खटल्यातही. परवाना जाईल, काही महिने आतही जाशील. नाही सांगितलंस आणि मास्तर कोर्टात उलटले, तर तो पक्षी माझ्या काही कामाचा नाही आणि त्यांच्याऐवजी तू त्या बोटीत बसशील."

नेनू वळ चोळत राहिला. बाहेर बोटीची पहिली शिटी झाली.

"इंद्रीची पोर तू," तो शेवटी म्हणाला. "तुला मला सोडायचं नव्हतं. तरी सोडलंस. त्या दिवशी कांद्याच्या शेताच्या भिंतीपाशी मीच होतो. पारवा फार खालून उडत होता. मला तुझा बाप दिसलाच नाही."

ती लिहीत होती. लेखणी थांबली नाही.

"ते मला एकवीस वर्षं ठाऊक आहे," ती म्हणाली. "आता ते त्याच्यासमोर जाऊन सांग. आधी इथे खाली सही कर."