पिन जिची, जागा तिची

ही गोष्ट खरी आहे. रचायचीच असती, तर मी भूत जरा बऱ्या स्वभावाचं तरी घेतलं असतं.

माझ्या बायकोच्या बाबतीत घडलेली आहे. तेव्हा ती माझी बायको नव्हती. कोरिन ह्रुस्का, वय एकोणीस, कॉलेजचं दुसरं वर्ष. साल २०१६, फेब्रुवारीतला बुधवार, वेळ दुपारी चार. हो, दुपारी. भुतं रात्रीच येतात असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी भुतांना विचारलेलं नाही.

जागा म्हणजे नेब्रास्कातलं एक कॉलेजचं गाव, आणि त्या गावातलं एका सोरोरिटीचं, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या मंडळाचं, तीन मजली विटांचं घर. सोरोरिटीचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. त्यांच्याकडे वकील आहेत. आणि वकिलांपेक्षा वाईट असंही कोणीतरी आहे...

त्या घरात एकेचाळीस मुली राहायच्या. सगळ्या एकमेकींच्या बहिणी. रक्ताच्या नव्हेत, मानलेल्या. एकीचा स्वेटर दुसरीच्या अंगात, तिसरीचा शाम्पू चौथीच्या केसांत. पण एक वस्तू कोणी कोणाची घ्यायची नाही.

पिन.

नखाएवढा सोन्याचा कंदील, मधोमध मोती, मागे मालकिणीची आद्याक्षरं आणि साल. ही डाव्या बाजूला लावायची, बरोबर काळजावर. अंगात जीन्स असेल तर चालत नाही. तोंडात च्युइंगम असेल तर चालत नाही. हातात बिअर असेल किंवा सभेत कोणी परकं शिरलं, तर पिनेवर तळहात ठेवून ती झाकायची. आणि नियमांच्या वहीत पहिल्याच पानावर एक ओळ होती: पिन जिची, जागा तिची.

बहीण वारली की तिची पिन घरी परत यायची. जिन्याखाली काचेची पेटी होती, आत जांभळी मखमल. त्यात फक्त गेलेल्यांच्या पिना.

जानेवारीत कोरिनची पिन हरवली.

तिने कपड्यांचा ड्रायर उपसला, गाडीच्या सीटखाली हात घातला, अंगणातला बर्फ चाळला. पिन नाही. पिनेशिवाय रविवारच्या सभेला बसता येत नाही, आणि ओळीने तीन सभा चुकल्या की खोली रिकामी करावी लागते. दोन चुकल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, दुसरी खोली बघायची. पण कोरिनचा बाप दोनशे मैलांवर धान्याच्या कोठारात कामाला. घराण्यात कॉलेज बघितलेली ही पहिलीच. पहिले चार महिने ती लायब्ररीच्या बाथरूममध्ये बसून सँडविच खायची, एकटी जेवताना कोणाला दिसू नये म्हणून. मग या घरातल्या मेव्ह नावाच्या मुलीने तिला आपली धाकटी म्हणून निवडलं. जेवायच्या टेबलावर कोणीतरी पहिल्यांदाच तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवली.

ती खुर्ची जाणार होती.

म्हणून तिसऱ्या रविवारी तिने काचेची पेटी उघडली आणि एक जुनी पिन काढली. मागे कोरलं होतं, डो. ऑ. १९३८.

'एका तासाचा तर प्रश्न आहे,' ती स्वतःशी म्हणाली. 'मेलेल्या बाईला कुठे सभेला बसायचंय?'

काही वाक्यं मनातसुद्धा म्हणू नयेत...

सभा झाली. कोणाला काही कळलं नाही. तिने पिन परत पेटीत ठेवली आणि झोपली.

सकाळी उठली तर पिन तिच्या पायजम्याच्या शर्टावर होती.

डाव्या बाजूला, काळजावर. एक सूतभरही वाकडी नाही.

टपालाच्या खणात चिठ्ठी होती. टाइपरायटरवर टंकलेली, जांभळ्या शाईची.

'पिन रात्रीच्या कपड्यांवर लावली. पहिली ताकीद. डो. ऑ., शिस्त समिती.'

म्हणजे लावली कोणी, आणि ताकीद कोणाला!

कोरिनने पिन पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं आणि जीन्स चढवून वर्गाला गेली. वर्गात सर रक्ताभिसरणावर बोलत होते. तेवढ्यात तिच्या छातीपाशी बारीकसा आवाज आला...

टक्.

पिनेचा खटका बसतो, तसा.

तिने मान खाली घातली. कंदील स्वेटरवर होता.

घरी आली तेव्हा दुसरी चिठ्ठी आली होती. 'जीन्सवर लावली. दुसरी ताकीद.'

शिस्त समितीची अध्यक्ष ब्रिन टॉलिव्हर. पुढे वकील व्हायचं म्हणून आत्तापासूनच सगळ्यांशी भांडत असायची. कोरिनने तिला स्वयंपाकघरात गाठून चिठ्ठ्या दाखवल्या.

"हे तू लिहिलंस?"

"मी? अगं, मी ताकीद फोनवर देते, वर हसरा चेहरा टाकून. आणि हिचं मराठ... हिचं शुद्धलेखन बघ, माझ्यापेक्षा बरं आहे." ब्रिनने कागद उलटा करून पाहिला. "कोण आहे ही? समितीत घेऊ या."

(माफ करा, सांगताना माझी जीभ घसरते. ब्रिनला फक्त इंग्रजी येतं, तेही मोठ्या आवाजात.)

मग कोरिनने सगळं सांगून टाकलं. शेजारी उभ्या असलेल्या मेव्हने कपाळावर हात मारला. "हरवली तेव्हाच मला सांगायचं ना, बावळट! मी काय तुला खाल्लं असतं?"

घराची देखरेख करणाऱ्या मिसेस लिंडक्विस्ट तिथेच दालचिनी रोलवर साखर ओतत होत्या. त्यांचा हात थांबला.

"डोरोथिया ऑस्टरहाउस," त्या म्हणाल्या. "माझ्या आधीच्या बाईंनी मला सांगितलं होतं. शिस्त समितीची अध्यक्ष होती. एका वर्षात नऊ मुली काढल्या तिने. मग दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला. वरच्या पुढच्या खोलीतच वारली."

"काही म्हणाली का जाताना?" कोरिनने विचारलं.

"म्हणाली, माझी जागा धरून ठेवा."



ब्रिनने नियमांची वही उघडली. तिला अशा वेळी वहीच सुचायची. "कलम पंधरा. सदस्यत्व गेलं की पिनेवरचा हक्क गेला. सोपं आहे. तिला काढून टाकू."

"अगं, ती मेलीय!" मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या. "मेलेल्या बाईला काढणार कुठून?"

"घरातून."

रीतसर नोटीस निघाली. आरोप: मृत्यूनंतरही वर्तणुकीत सुधारणा नाही. मेव्हने ती हसत हसत काचेच्या पेटीत ठेवली. बुधवारी सकाळी नोटिशीच्या खाली जांभळ्या शाईत एक शब्द होता.

'येते.'

मेव्ह त्यानंतर हसली नाही.

दुपारी चार वाजता तळघरातल्या सभेच्या खोलीत पाच जणी टेबलाभोवती बसल्या. मेव्हही समितीत होती. पाचही जणींच्या काळ्या पोशाखावर पाच कंदील. कोरिन साक्षीदार म्हणून दाराजवळ उभी. छातीवर डोरोथियाची पिन, कारण सकाळपासून तिचा खटका उघडतच नव्हता. टेबलाच्या टोकाला आरोपीसाठी एक खुर्ची.

रिकामी.

वरून बुधवारच्या चिलीचा, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याचा, वास येत होता. कोणीतरी टेबल मांडत होतं, ताटल्या वाजत होत्या.

ब्रिनने आरोप वाचला. "आरोपीला बोलायला दोन मिनिटं देण्यात येत आहेत."

आणि त्या खरंच दोन मिनिटं गप्प बसल्या. नियम म्हणजे नियम.

आधी ताटल्यांचा आवाज थांबला...

मग फ्रिजची घरघर थांबली...

मग खुर्ची करकरली. कोणी बसल्यावर करकरते तशी नाही. आधीपासून बसलेलं माणूस पाठ ताठ करतं, तशी.

"वेळ संपली," ब्रिन म्हणाली. "मतदान."

लाकडी पेटी फिरली. ठेवायचं असेल तर पांढरी गोटी, काढायचं असेल तर काळी. पाच जणींचे पाच हात आत गेले. टण. टण. टण. टण. टण.

पेटी टेबलाच्या मध्यावर आली.

टण.

ब्रिनने झाकण उघडलं. आत सहा गोट्या होत्या.

सहाही काळ्या.

"तिनेपण मत दिलं," मेव्ह कुजबुजली. "स्वतःच्याच विरुद्ध?"

"शिस्तीची आहे बाई," ब्रिन म्हणाली. एक जण फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. ब्रिनने वहीतलं शेवटचं वाक्य वाचलं. "निर्णय झाला. जिला काढलं तिने पिन टेबलावर ठेवावी."

सगळ्यांनी कोरिनकडे पाहिलं. पिन तिच्याच अंगावर होती ना!

कोरिनने खटक्याला बोट लावलं. दिवसभर न उघडलेला खटका लोण्यासारखा उघडला. तिला रडूच फुटलं, इतकं हलकं वाटलं. ती पुढे आली आणि तिने पिन टेबलावर ठेवली.

त्या खोलीत सहा शहाण्या मुली होत्या. एकीच्याही डोक्यात आलं नाही. जिला काढलं, पिन ती ठेवते. म्हणजेच पिन जिने ठेवली...

टक्.

आवाज रिकाम्या खुर्चीच्या बाजूने आला. टेबलावर पिन नव्हती.

आणि पाच हात एकदम वर उठले. पाच तळहातांनी पाच कंदील झाकले.

"माफ करा," ब्रिन म्हणाली, "आपण कोण? ही खाजगी सभा आहे."

कोरिन हसली. "ब्रिन, पुरे हं."

"तुम्हाला माझं नाव कसं माहीत?"

"मेव्ह, सांग ना हिला!"

मेव्ह तिच्याकडे पाहत होती. राग नव्हता, ओळख नव्हती. दारावर काहीतरी विकायला आलेल्या बाईकडे आपण पाहतो, तितक्या सभ्यपणे. मग तिने कोरिनच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"डोरो, या पाहुण्यांना त्यांचा कोट दे गं."

मागून कोरिनच्या खांद्यांवर कोट चढला.

कोणीतरी तिची कॉलर सरळ केली. बोटं थंड नव्हती. नीटनेटकी होती.

कोरिनने मागे वळून पाहिलं नाही. अजूनही ती म्हणते, तेवढं एक शहाणपण मी केलं.

ती जिना चढली. भिंतीवर सगळ्या बहिणींच्या फोटोंची मोठी फ्रेम होती. तिच्या जागी लाटा काढलेल्या केसांची, ओठ मिटून हसणारी मुलगी होती. वर जेवणाच्या टेबलावर तिच्या खुर्चीच्या पाठीवर दुसऱ्याच कोणाचा करडा कोट होता. मिसेस लिंडक्विस्ट चमचे पुसत म्हणाल्या, "कोणाला भेटायचं होतं, बाळा?"

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.

दाराकडे जाताना तिची नजर काचेच्या पेटीवर गेली. डो. ऑ. ची जागा भरलेली होती. तिथे एक कंदील होता. नवा, चकचकीत. जानेवारीपासून ती शोधत होती, तोच. खाली जांभळ्या शाईची पट्टी होती.

'ह्रुस्का, कोरिन. २०१५ –'

त्या रेघेपुढे जागा मोकळी सोडली होती.

कोरिनने कॉलेज सोडलं, लिंकन शहरात आली, पुढे माझ्याशी लग्न केलं. आठ वर्षं तिने यातलं अक्षरही काढलं नाही. फक्त जेवायला बसताना खुर्ची आधी हाताने चाचपून बघायची. गेल्या महिन्यात तिने सगळं सांगितलं. मला अर्थातच पटलं नाही. मी त्या घरी फोन लावला.

"कोरिन ह्रुस्का तिथे राहायची का?"

"अशी कोणी नव्हती," पलीकडची मुलगी म्हणाली. आवाज गोड होता.

"आपण कोण?"

"डोरो. दुसरं वर्ष."

इतकी वर्षं दुसऱ्याच वर्षाला. माझ्या मनात आलं, नापास होत असेल. मग फोनवर आवाज आला... टक्. आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी आमच्या टपालपेटीत चिठ्ठी आली. कोरिनच्या नावाने.

'सभेतली गोष्ट बाहेर सांगितली. पहिली ताकीद.'

कोरिन तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसली. मला वाटलं घाबरली असेल. पण ती हसत होती.

"बघ ना," ती म्हणाली. "अजून माझं नाव आहे त्यांच्याकडे."

"तीन झाल्या की काय करतात?"

"काढतात."

"घरातून तर कधीच काढलंय. आता कुठून काढणार?"

दोघांनाही ती मोकळी सोडलेली जागा आठवली.

म्हणून हे लिहायला बसलो. इथे वाचणाऱ्यांत कोणाची भाची, पुतणी नेब्रास्कात शिकत असेल, तर तिने त्या घरी जावं, जिन्याखालची पेटी उघडावी आणि माझ्या बायकोची पिन तेवढी बाहेर काढावी. बाकी काहीही उचलू नये. माझी एवढीच विनंती आहे.

अर्धं लिहून झालं तेव्हा दुसरी ताकीद आली.

गावाचं नाव दिल्याशिवाय तुम्हाला ते घर सापडणार नाही, हे मला कळतं. आत्ताच मी पहिलं अक्षर लिहिलं होतं. बाहेर बर्फात पावलं नाहीत, टपालवाल्याची गाडी नाही. तरी आमच्या टपालपेटीचं झाकण...

टक्.

मी अक्षर खोडलं आहे. अजून पेटी उघडून पाहिलेली नाही. कोरिन विचारतेय, काही आलंय का.