ओढायचं राहिलेलं नाक

त्या काळात मिरजेत नाक बदलणं केस कापून घेण्याइतकं सोपं झालं होतं. लग्नसराईत तर डॉ. स्वरा खाडिलकरांच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. कुणाला शेंडा टोकदार हवा, कुणाला नाकपुड्या आवळून हव्यात, कुणाला नुसतीच आजीची नथ शोभेल असं नाक हवं. सुरी नाही, टाके नाहीत, रक्ताचा थेंब नाही. पण दर बुधवारी संध्याकाळी येणारा मकरंद शिंदे, सांगलीचा पंपदुरुस्तीवाला, काही हौसेनं येत नव्हता. त्याला दर गुरुवारपुरतं एकच नाक हवं असायचं. त्याच्या मेलेल्या भावाचं.

"हे बघा," डॉक्टरांनी पहिल्या भेटीत त्याला समजावलं होतं, "नाकाचा वरचा भाग हाडाचा. त्याला आपण हात लावत नाही. खालचा सगळा कारभार कूर्चेचा, म्हणजे लवचिक हाडाचा. दोन बाजूंनी दोन कमानी येतात आणि शेंड्याशी भेटतात. त्या चिकटून बसल्या की शेंडा गोल, तुमच्यासारखा. लांब राहिल्या की मधे खाच, तुमच्या भावासारखी. आणि या कूर्चेला स्मरण असतं. कान दुमडून सोडा बघू."

मकरंदनं कान दुमडून सोडला. तो टुणकन पुन्हा उभा राहिला.

"बघितलंत? कितीही वाकवा, ती आपला आकार विसरत नाही. म्हणून पूर्वी कापाकापी करावी लागे. आम्ही तिला थोडा वेळ विसरायला लावतो."

"म्हणजे गुंगी देता म्हणा की नाकाला!"

"तसंच समजा. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना बायका नाक का ओढतात? आईच्या रक्तातला एक स्राव बाळाच्या अंगात काही आठवडे उरलेला असतो. तोवर त्याची कूर्चा मऊ असते, द्याल तो आकार घेते. तोच गुण आम्ही औषधात उतरवलाय. पुस्तकात त्याला शैशवद्रव्य म्हणतात, लोक लोणी म्हणतात. लोणी लावायचं, साचा चढवायचा, सकाळी नाक तयार. एक-दोन दिवसांनी स्मरण जागं होतं आणि नाक आपल्या मूळ पदावर येतं. कायमचं हवं असेल तर जास्त दिवस साचा ठेवायचा."

"कायमचं नको. सोमवारी मला माझंच लागतं," मकरंद म्हणाला होता.

कारण सोमवारी तो मकरंद म्हणून आईकडे जायचा, आणि गुरुवारी विश्वजित म्हणून.

आई, वैशालीबाई, मिरजेतच राहायच्या. सांभाळायला आरोही नावाची मुलगी होती. आधी डोळे गेले, मग कान. उरलं ते सगळं बोटांत. बोलायच्या मात्र खणखणीत, आणि उत्तर तळहातावर घ्यायच्या. एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. दोन्ही पोरं एका अंगकाठीची, दोघांचे हात राकट, दोघांना दाढी. फरक काय तो नाकात. थोरल्याच्या शेंड्यावर खाच, धाकटा नकटा. पोरगा आला की त्या आधी नाक चाचपायच्या आणि मग नाव घ्यायच्या.

विश्वजित वेंगुर्ल्याजवळ समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या कामावर होता. तिथून पडला आणि जागीच गेला. दिवसकार्य उरकून मकरंद आईकडे आला, तो आज सांगायचंच असं ठरवून. पण दोन खुणांत मरण सांगायचं कसं? तेवढ्यात तिनंच विचारलं, "विश्वा गुरुवारी आला नाही रे. बरा आहे ना?" आणि तळहात पुढे केला. दोनदा दाबायला हवं होतं. मकरंदच्या बोटानं एकदाच दाबलं.

पुढच्या गुरुवारी ती ताट समोर घेऊन दिवसभर बसून राहिली. घास नाही की पाण्याचा घोट नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. मग मकरंदनं लोण्याचा रस्ता धरला. खोटेपणा होता, हे त्याला कळत होतं. पण खाचेवरून बोट फिरवून "आलास रे बाबा!" म्हणत ती पोटभर जेवायची, तेव्हा त्याला आपल्या पापाचं काही वाटेनासं व्हायचं.

श्रावण संपत आला तसं आईनं फर्मान काढलं, "पिठोरीला दोघं एकदम या. माझ्या हातून वाण घ्या. पुढच्या साली मी असेन-नसेन."

पिठोरी अमावस्येला आई पाठमोरी बसते, खीरपुरीचं वाण डोक्यावर धरते आणि विचारते, "अतिथी कोण?" मागून मूल आपलं नाव सांगतं आणि वाण घेतं. आता एक माणूस दोन नाकं घेऊन एका वेळी बसणार कसा?

"एक साधा उपाय आहे," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना खरं सांगा."

"तुम्ही सांगा. हा घ्या तळहात. दाबा."

डॉक्टरांनी त्याचा तळहात मिटवून परत केला. मग म्हणाल्या, "दुप्पट लोणी लावलं तर तासभर नाक हवं तसं फिरवता येईल. आधी दादाचा साचा, मग तुमचा. पण वर्षभर आपण या कूर्चेला झोपवत आलोय. दुप्पट दिलं तर ती पुन्हा जागी होईलच असं नाही. मग शेवटी जो आकार राहील तो राहील. वर औषध चालणार नाही, सुरीही चालणार नाही. नाकापेक्षा मोती जड होतोय, मकरंदराव."

"शेवटी माझाच साचा ना? मग माझंच नाक राहील. घाबरायचं काय त्यात?"

पिठोरीला डॉक्टर स्वतः साचे घेऊन घरी आल्या. आरोहीनं खीर केली होती. वैशालीबाई नवं लुगडं नेसून पाटावर पाठमोऱ्या बसल्या, एका हातानं वाण डोक्यावर धरलं.

"अतिथी कोण?"

मकरंद मागं बसला. आईचा मोकळा हात खांद्यावरून मागं आला आणि खाचेवर हलकेच टेकला. "विश्वा! घे रे माझ्या राजा." त्यानं वाण घेतलं. आतल्या खोलीत डॉक्टरांनी भराभर कमानी जुळवल्या, शेंडा गोल केला, साचा दाबून काढला. "सांभाळून," त्या कुजबुजल्या. "औषध आता पुरतं भरात आलंय."

"अतिथी कोण?" दुसरं वाण डोक्यावर होतं.

बोटं आली. "मकरंद!" ती हसली. पण बोटं हलली नाहीत. शेंडा त्यांच्याखाली दबत होता, तान्ह्याच्या नाकासारखा.

वाण तिनं खाली ठेवलं आणि ती वळली. चेहरा कसा उजळून गेला होता! "अगं बाई, केवढं मऊ! अजून ओढता येतंय की!" ती कुणाशी बोलत होती कुणास ठाऊक. "तुझ्या वेळच्या बाळंतपणात मी तापानं फणफणलेली, तुझ्याकडे बघायला कुणी नव्हतं. विश्वाचं ओढलं, तुझं राहून गेलं. सगळे नकटा म्हणायचे तुला, आणि माझ्या जिवाला लागायचं रे. ये, ये सोन्या."

तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. खिरीतलं तूप बोटाला लावलं आणि नाक ओढायला लागली. वरून खाली, वरून खाली. नाकपुड्या चिमटीत धरून आवळल्या, शेंडा पुढे काढला. डॉक्टर दारातून धावल्या. मकरंदनं पडल्या पडल्या हात वर करून त्यांना थांबवलं. उठायला एक क्षण पुरला असता. पण पन्नाशीच्या माणसाला आईची मांडी पुन्हा कुठे मिळते? तो डोळे मिटून पडून राहिला. आई काहीतरी गुणगुणत होती. तिचं मन भरेपर्यंत तासही भरला.

नाक फार सुरेख झालं. सरळ, धारदार. कूर्चा काही जागी झाली नाही.

सोमवारी तो नेहमीसारखा आईसमोर जाऊन बसला. बोटं आली, शेंड्यापर्यंत उतरली आणि झटकन मागं गेली. तिनं पदर सावरला.

"कोण आपण? ओळखलं नाही हो." आवाजात पाहुण्यांसाठीची अदब होती. "बसा ना. आरोही, यांना चहा टाक गं. माझे मुलगे येतीलच. थोरला गुरुवारी येतो, धाकटा आजच यायचाय. त्याचं लहानपणी नाक बसकं होतं, पण परवाच मी ओढून छान सरळ केलंय. अजून बाळ आहे हो तो, नाक अगदी लोण्यासारखं मऊ."

मकरंदनं तिचा हात धरून पुन्हा आपल्या नाकावर ठेवला. कडक, सरळ नाक. तिनं हात सोडवून घेतला.

"तुम्ही ओळखता का त्याला? मकरंद नाव त्याचं." आणि तिनं तळहात पुढे केला.

त्यानं एकदा दाबलं.

"मग भेटला तर सांगा त्याला. म्हणावं, आई वाट बघतेय."

त्यानं पुन्हा एकदा दाबलं.