शेवटच्या ओळीतली शून्यं

“गळा कुठे कापतात इथे?” दार ढकलून त्याने विचारलं.

तिने कानावरचे हेडफोन उतरवले. “ते खाली, ऑपरेशनकडे. इथे नुसता आवाज ठेवून घेतात.”

“मग आधी इथलंच उरकू... खालची घाई नाही मला.”

भाजीबाजारात लिलाव पुकारणारा होता तो. घशात गाठ निघाली होती. महिन्याभरात स्वरयंत्र काढणार होते. तोवर त्याची वाक्यं रेकॉर्ड करायची, म्हणजे पुढे बटण दाबलं की यंत्र त्याच्या आवाजात बोलेल. हे काम तिचं, प्रोग्रामरचं.

पहिल्याच दिवशी यंत्र म्हणालं, “उद्या सकाळी मी स्वतः येऊन तुमचा...” आणि गप्प झालं.

“मॅडम, डॉक्टरांच्या आधी तुम्हीच कात्री चालवलीत?”

ती ओशाळली. अ‍ॅरेमध्ये, म्हणजे आवाजाचे आकडे साठवायच्या तक्त्यात, प्रत्येक वाक्याला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत खण सारखेच. वाक्य आखूड असलं तर मागे शून्यं भरायची, लांब असलं तर शेपूट छाटायचं. आणि हा गडी एका दमात अख्खा बाजार बोलणारा. तिने त्याचं सर्वांत लांब वाक्य मोजलं आणि सगळी अ‍ॅरे तेवढी वाढवली.

“म्हणजे मी नुसतं ‘हो’ म्हटलं, तरी मागे एवढी शून्यं?”

“ती ऐकू येत नाहीत.”

“पण ‘हो’ म्हणायला कुणी काही विचारायला तर हवं...”

तिने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी मात्र ती वेळेआधीच येऊन बसली.

त्याचा आवाज बसत चालला. वाक्यं आपोआप आखूड झाली. मागची शून्यं वाढताना बघून ती एकेक वाक्य पुन्हा म्हणवून घ्यायची.

शेवटच्या दिवशी एकच ओळ उरली होती. ती तिनेच जोडली होती, काय बोलायचं ते न लिहिता. काचेपलीकडे तो माइकसमोर बसला, तिच्याकडे बघत राहिला... आणि उठून बाहेर आला.

“बोलत का नाहीस?” ती पहिल्यांदाच एकेरीवर आली.

“तिथे बोललो तर ते बटणावर जाईल. कुणीही दाबेल.” तो तिच्या कानाशी वाकला. “तू जन्मभर हवीस मला.”

तिला रडू आवरेना. “मलाही तूच हवास... पुन्हा म्हण ना.”

त्याने पुन्हा म्हटलं. निम्मे शब्द उमटलेच नाहीत.

ऑपरेशन झालं. आता तो यंत्रातून थट्टा करतो, तिच्याशी भांडतोसुद्धा. फक्त ते एक वाक्य यंत्राला येत नाही. अ‍ॅरेत ओळ रिकामी सोडता येत नाही, म्हणून तिथे तिने सगळी शून्यंच भरली आहेत.

कधी कधी तो तेच बटण दाबतो. खोलीत काहीच ऐकू येत नाही. ती हातातलं काम थांबवते आणि म्हणते, “ऐकलं रे.”